फ्रीजची जागा

“आधी पाठ बाहेर काढा, मग तोंड,” आत्याबाई म्हणाल्या. “फ्रीज हाय त्यो. नवरी न्हाई, तोंड पुढं करून मिरवत न्यायला.”

माझे यजमान शेखर आणि थोरले दीर, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, दोघंही घामाघूम होऊन फ्रीजला मिठी मारून उभे होते. शहाबादी फरशीवरून सरकावा म्हणून फ्रीजखाली ओलं बारदान घातलं होतं. सरकत होताही, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन अडला. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्या बोळातल्या स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. उंची बेताची, स्टुलावरून पाय जमिनीला टेकत नव्हते. पण आवाज असा, की जत्रेत हरवलेली पोरं त्या आवाजावर घरी आली असती.

फलटणमधलं आमचं ते जुनं बैठं घर. पुढे पडवी, मधून एक बोळ, बोळाच्या एका अंगाला जाऊबाईंची खोली, दुसऱ्या अंगाला आमची आणि टोकाला स्वयंपाकघर. ओट्याची फरशी मधोमध चिरली होती, मोरीचं पाणी भिंतीत मुरत होतं. “मी जित्ती हाय तवर एकदा नीट करून घ्या,” असा धोशा आत्याबाईंनी दिवाळीपासून लावला होता. शेवटी संक्रांत झाल्यावर मिस्त्री ठरला, आणि ओटा फोडायच्या आधी सगळं जड सामान बाहेर काढायचं निघालं.

“हा पडवीत लावू का?” दादांनी धापा टाकत विचारलं.

“पडवीत माती उडती. शालनच्या खोलीत घाल.”

शालन म्हणजे माझ्या जाऊबाई. त्या म्हणाल्या, “अहो आत्याबाई, खोलीत पलंग आहे, कपाट आहे. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न.”

“पलंग भिताडाला सरकीव. धुण्याचं मशीन आन् घरघंटी रोहिणीकडं जाऊ दे.”

रोहिणी मी. धाकटी, म्हणून माझ्या खोलीत काय येणार हे मला विचारायची पद्धत नव्हती. पीठ दळायची ती घरघंटी लाकडी कपाटासारखी दिसते आणि दगडासारखी जड असते. ती माझ्या उशाशी येऊन बसली. मोठी शेगडी जाऊबाईंच्या खिडकीत गेली आणि माळ्यावरची जुनी शेगडी पुसून माझ्या वाट्याला आली.

“दोन कशाला?” मी विचारलं.

“एका शेगडीवर, ते बी खोलीत, आठ माणसांचं कसं व्हायाचं? शालन कालवण करंल, तू भाकरी कर.”

त्याच दिवशी वायरमन आला. दोन्ही खोल्यांच्या भिंती खोदून त्यानं जाड पिनेचे प्लग बसवले, वर पट्टी मारून सिमेंटही लिंपलं. शेखर म्हणाला, “आई, पंधरा दिवसांसाठी भिंत कशाला फोडायची? लांब वायर लावून भागलं असतं.”

“आन् वायरीत पाय आडकून पोरगं पडलं म्हंजी?” आत्याबाई म्हणाल्या. शेखरनं हातातली वायर गुंडाळून ठेवली. आत्याबाईंपुढे त्या घरात कुणाचंच चालायचं नाही.

मिस्त्रीचंही तेच झालं. त्यानं टेप लावून भिंतीवर खडूनं ओट्याची रेघ मारली. आत्याबाई रेघेपुढे जाऊन उभ्या राहिल्या, कोपरात हात दुमडला आणि रेघेच्या बऱ्याच खाली बोट ठेवलं.

“हितं.”

“आजी, लई खाली होतंय,” मिस्त्री म्हणाला. “तुमच्या सुना उंच हायती. वाकून वाकून कंबर जाईल त्यांची.”

“त्यांच्या कमरा तरण्या हाईत. जात न्हाईत.”

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. जुना ओटा आत्याबाईंच्या सासूच्या मापाचा होता, आणि ती बाई म्हणे दारातून वाकून आत यायची. लग्न होऊन आल्यापासून आत्याबाई त्या ओट्यापुढे लाकडी पाट ठेवून त्यावर उभ्या राहायच्या. मी आले तेव्हाही तो पाट तिथंच होता. चुलीजवळ चिमटा असतो तसा ओट्यापुढे पाट असायचा. कुणाच्या मनात त्याबद्दल काही यायचं नाही. ओट्याचं हे माप म्हातारीची लहर समजून आम्ही कामाला लागलो.

पहिले दोन-चार दिवस ठरल्याप्रमाणे चाललं. जाऊबाईंचं कालवण झाकण घालून बोळ ओलांडून यायचं, माझ्या भाकरी फडक्यात बांधून पलीकडे जायच्या. मग एके दिवशी माझ्या मुलीला ताप होता, म्हणून मी तिच्यापुरती मऊ खिचडी टाकली. आणि शेगडी लागलेलीच होती, तर स्वतःपुरता चहाही ठेवला. दुपारचे तीन वाजले असतील. घरघंटीवर कप ठेवून, पलंगावर पाय वर घेऊन मी तो चहा प्यायले. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि आत्ता चहा प्यावा असं वाटलं म्हणून चहा केला, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. मला इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली.

पलीकडेही काहीतरी शिजत होतं. जाऊबाईंच्या खोलीतून मेथीच्या फोडणीचा वास यायचा, पण मेथी बोळ ओलांडून यायची नाही. मग माझ्याही भाकरी मोजक्याच व्हायला लागल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. तोंडावर दोघी गोड, उलट आधीपेक्षा जास्तच. भांड्याला भांडं लागायचं बंद झालं, कारण भांडी आता दोन खोल्यांत होती. आत्याबाई सकाळी एकीकडे जेवायच्या, संध्याकाळी दुसरीकडे, आणि कुठंच नाव ठेवायच्या नाहीत. मीठ कमी पडलं तरी ज्या बाई ताट सरकवायच्या त्या मुकाट जेवत होत्या. आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पण आमचं डोकं दुसरीकडेच होतं. चूल वेगळी करणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. समोरच्या आळीत एका सुनेनं वेगळं बिऱ्हाड केलं होतं. तिची मुलं कॉलेजात गेली, तिनं सासूचं आजारपण काढलं, तरी लोक तिला घरफोडी म्हणूनच ओळखत. दोघा भावांचं घर फुटलं की भावांना कुणी विचारत नाही. कोणती सून आधी बोलली एवढंच विचारतात. मला शेगडी खोलीत हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण ‘राहू दे’ हे दोन शब्द आधी माझ्या तोंडून निघाले असते, तर जन्मभर ते माझ्या नावापुढे चिकटले असते. जाऊबाईंचंही तसंच असणार. त्यामुळे झाकली मूठ दोघींनीही घट्ट धरून ठेवली होती.

ओटा झाला, फरशा झाल्या, मिस्त्री थापी धुऊन निघून गेला. त्यानंतर आम्ही दोघींनी काय केलं, तर स्वयंपाकघरात पाऊलच टाकलं नाही; पुरुषांचं तर तिथं कधी कामच नसायचं. जी आत जाऊन बघेल तिला ‘झालं की’ म्हणावं लागेल, आणि म्हटलं की सामान हलवावं लागेल. दार लोटलेलं असायचं. पलीकडे आत्याबाईंची खुडबुड चालायची, म्हातारी फरशी पुसत असेल म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

“मिस्त्री गेला का गं?” जाऊबाई त्यांच्या दारातून विचारायच्या.

“गेला वाटतं.”

“ओल असेल अजून.”

“असणारच. ओलीत फ्रीज ठेवला तर गंजतो म्हणे.”

“हो, गंजतो.”

एकदा निमित्त अमावास्येचं झालं, एकदा रंगाच्या वासाचं. दादा एकदा बारदान घेऊन उभे राहिले तर जाऊबाईंनी त्यांना दळणाला पाठवलं. घरघंटी माझ्या खोलीत धडधाकट असताना.

मग वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे आमच्या नणंद, सिंधूताई. नातेपुत्याला दिलेल्या; मनानं वाईट नाहीत, पण त्यांच्या जिभेला कधी सुट्टी नसे. नव्या ओट्यावर दूध उतू घालायला त्या रविवारी येणार होत्या. नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, घर भरलेलं राहतं. आणि भरलेल्या घरात वन्संना दोन खोल्यांत दोन शेगड्या दिसल्या असत्या, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पाहुण्यांत बातमी गेली असती.

शनिवारी दुपारी जाऊबाई माझ्या खोलीत आल्या. पलंगाच्या कडेला बसल्या, माझ्या शेगडीकडे बघितलं. मी ती घासूनपुसून लख्ख ठेवली होती. चार दिवसांच्या पाहुण्या वस्तूला कुणी इतकं घासत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

“उद्या सगळं आत न्यायला पाहिजे,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही थोरल्या. तुम्ही म्हणाल तसं.”

“मी काय म्हणणार? न्यायलाच पाहिजे.”

“हो. न्यायलाच पाहिजे.”

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तुला बरं गेलं का गं हे दिवस?”

“कसले दिवस?” मी म्हटलं.

“काही नाही.”

त्या गेल्यावर मी चहा केला. शेवटचा म्हणून सावकाश प्यायले, आणि रडूही आलं. चहासाठी रडणारी बाई मी तोवर बघितली नव्हती.

रविवारी सकाळी पुन्हा ओलं बारदान, पुन्हा दोघं भाऊ. आधी फ्रीज, मग शेगड्या, मग बाकीचं, असं ठरलं होतं. आत्याबाई पहाटेच न्हाऊन, डोक्यावरून पदर घेऊन स्वयंपाकघरात गेल्या होत्या. दूध तापवायचं ते मीच तापवते, म्हणाल्या; कशावर, हे कुणी विचारलं नाही. फ्रीज बोळातून खरखरत निघाला. आम्ही दोघी मागून नुसते हात लावत होतो. त्या हातांत ढकलायची ताकद अजिबात नव्हती. उंबऱ्याशी आल्यावर दादांनी जोर केला आणि फ्रीज दारात घुसला, निम्मा आत, निम्मा बाहेर. दादांनी बाजूच्या फटीतून मान घालून आत बघितलं.

“आई,” ते म्हणाले, “फ्रीजची जागा कुठं गेली?”

मीही टाचा उंचावून पाहिलं. पूर्वेच्या खिडकीखाली, जिथं इतकी वर्षं फ्रीज उभा असायचा, तिथं बसका कट्टा बांधलेला होता. वर काळा कडप्पा, त्यावर घडी घातलेली वाकळ. भिंतीत एक छोटी मांडणी होती आणि तीवर एक तवा, एक पातेलं, एक कढई, दोन-तीन डबे. एका माणसाचा संसार. ओट्यावर एकाच बर्नरची नवी शेगडी होती आणि तिच्यावर दूध.

“कसली जागा?” आत्याबाईंनी विचारलं.

“या फ्रीजची.”

“त्यो शालनच्या खोलीत चांगला हाय की. पिलग कशापायी बसवलाय तिथं?”

शेखर फ्रीजला टेकून उभा राहिला. आणि नेमक्या त्या वेळी पडवीत चपलांचा आवाज झाला.

वन्सं बोळातून येता येता दोन्ही खोल्यांत डोकावून आल्या होत्या. हातात नारळाची पिशवी, कपाळाला आठ्या.

“फ्रीज दारात कशाला आडवलाय? आन् शालनवैनी, तुमच्या खोलीत शेगडी? रोहिणीच्यात बी हाय.” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “दोन चुली झाल्या व्हय घरात? आमाला कळवायचं तरी. घर फोडलं कुणी?”

दोघं भाऊ फरशीकडे बघायला लागले, जणू त्यांची एखादी वस्तू तिथं पडली होती. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. “वन्सं, त्याचं असं...” त्यांनी सुरुवात केली. पुढे त्या कुणाचं नाव घेणार होत्या, माझं की स्वतःचं, ते मला आजही ठाऊक नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही.

कारण फ्रीजच्या पलीकडून आवाज आला, “मी फोडलं.”

“आई?”

“व्हय, मीच. आत ये. न्हायतर तिथनंच हात जोड, दूध वर आलंय.”

फ्रीज दारात असल्यामुळे कुणालाच आत जाता येईना. आम्ही पाच माणसं फटींतून वाकून वाकून बघत राहिलो. दूध फुगलं, पातेल्याच्या काठावरून पूर्वेच्या अंगाला उतरलं आणि नव्या ओट्यावर सांडलं. आत्याबाईंनी हात जोडले. मग त्यांनी बर्नर बारीक केला आणि आमच्याकडे वळल्या.

“आता काढा त्यो फ्रीज बाहीर. आला तसा जाऊ द्या.”

फ्रीज मागे ओढला. आता मात्र आमच्या हातांत कुठून कोण जाणे ताकद आली होती. वन्सं आत शिरल्या त्या तावातावानंच.

“आई, लोक काय म्हणतील? दोन दोन सुना आसून हातानं करून खाणार?”

“आजवर हातानंच केलंय की,” आत्याबाई म्हणाल्या. “खाल्लं दुसऱ्यांनी.”

“ह्या दोघींनी काय तरास दिला का?”

“न्हाई. गुणाच्या हाईत. पर तिघींत एक ओटा म्हंजी एकमेकीला इचारल्याबिगर मिठाला हात लावता येत न्हाई. आदी सासूला इचारलं. मग तुझ्या बापाला. आता ह्यांना. मी म्हटलं, मरायच्या आदी एक ओटा आसा पायजे, जिथं कुणाला इचारायचं न्हाई.”

“मग सांगायचं होतंस आई,” शेखर म्हणाला. “आम्ही नाही म्हणालो असतो का?”

“म्हणाला आसता. गाव काय म्हणंल म्हणून दोघं बी गळ्यात पडून रडला आसता. ह्या दोघी तर आदीच मनातून तयार व्हत्या, पर बोलंल कोण? मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधली. कुणी इचारलं तर म्हातारीनं घर फोडलं म्हणून सांगा. म्हातारीला कोण काय करतंय?”

जाऊबाईंनी मला दंडाला धरून बोळात ओढलं. त्या हसत होत्या आणि डोळे भरले होते. “आपल्याला बाहेर काढलं गं तिनं,” त्या म्हणाल्या. “प्लग बसवून काढलं.”

मला सुटल्यासारखं वाटलं, छातीवरचा दगड उतरल्यासारखं. आणि पाठोपाठ, खरं सांगते, अपमानही वाटला. इतके दिवस आपण म्हातारीला सोडतोय म्हणून मी मनात कुढत होते, आणि तिलाच आम्ही नकोशा झालो होतो. हे दोन्ही एकदम वाटल्यामुळे मलाही हसू आलं आणि मग रडू.

तेवढ्यात आत्याबाई दारात आल्या. हातात तो लाकडी पाट होता, मधोमध झिजून खोलगट झालेला.

“ह्यो न्या,” त्या म्हणाल्या. “शालनच्या फ्रीजखाली घाला, फरशी धुताना पाणी लागायचं न्हाई. मला आता लागत न्हाई ह्यो.”

मग त्या ओट्यापाशी गेल्या. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभ्या राहिल्या आणि सुरीनं कांदा चिरायला घेतला. कोपर बरोबर ओट्याच्या वर होतं. मी त्यांना इतकी वर्षं स्वयंपाक करताना पाहिलं होतं, पण जमिनीवर उभं राहून करताना कधी पाहिलं नव्हतं. त्या मला आणखीच लहान दिसल्या.

“सगळ्यांनी हितंच जेवायचं आज,” त्या पाठ न वळवता म्हणाल्या. “आत कुणी यायचं न्हाई. झालं की हाक मारीन.”

आम्ही दोघी बोळात हात बांधून बसलो. काय करू, काय चिरून देऊ, असं विचारायची इतकी सवय होती की दोनदा माझे पाय आपोआप उठले. जाऊबाईंनी दोन्ही वेळा पदर धरून खाली बसवलं.

हाक आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पंगत बोळातच मांडली. आत्याबाईंनी स्वतः वाढलं: बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि तुरीच्या डाळीची आमटी. आमच्या घरची आमटी म्हणजे कांदा-लसणाच्या चटणीची, लालभडक, तिखटजाळ, नाकातून पाणी काढणारी. ती आत्याबाईंच्याच हातची, आणि तिची ख्याती नातेपुत्यापर्यंत होती. त्या दिवशी वाटीत पिवळी, पातळ आमटी आली. वर कोथिंबीर, तळाशी गुळाचा खडा विरघळत होता आणि मिरचीचा पत्ता नव्हता.

दादांनी भुरका मारला आणि वाटीकडे बघत राहिले. वन्संनी वाटी नाकाशी नेऊन हुंगली.

“आई, आमटी गोड झालीय गं,” शेखर म्हणाला. “गूळ चुकून जास्त पडला का?”

“चुकून न्हाई. मला आशीच आवडती.”

“तुला? गोड आमटी?” चाळिशीला आलेला तो माणूस हातातला घास तसाच धरून आईकडे बघत होता. “मला माहीतच नव्हतं.”

आत्याबाईंनी त्याच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

“कसं माहीत आसंल?” त्या म्हणाल्या. “माझ्या घरी जेवायला तू आजच तर आलायस.”